निळं वाचनालय

"अरे, त्यांनी नाही म्हटलंय," सुलेखा पियुषला म्हणाली, आणि बोलता बोलताच अडखळली. का ते तिला लगेच कळलं नाही. कावासाकीच्या ऑफिसातली सोमवारची मीटिंग नुकतीच संपली होती, जपानी साहेब हाशिमोतो-सान कमरेत वाकून, हसून निघून गेले होते, आणि दीड महिन्यापूर्वी पुण्याहून आलेला पियुष खुशीत शीळ घालत लॅपटॉप मिटत होता. शेड्यूल पास झालं अशी त्याची समजूत. "नाही? कधी म्हणाले?" त्यानं विचारलं. "ताई, तुम्ही पण ना! हसत होते की चांगले. कल्पना छान आहे म्हणाले, मान हलवली." आता हे समजावणं हेच सुलेखाचं पोटापाण्याचं काम. पुण्याच्या पोरांना जपानी माणसाचं मन वाचून दाखवायचं, यासाठीच कंपनीनं तिला ठेवलेली. म्हणून ती सवयीनं बोटांवर मोजत म्हणाली, "हे बघ. आधी कल्पना छान म्हणाले. मग दातांच्या फटीतून हवा आत ओढली. मग खिडकीबाहेर बघितलं. मग तुला विचारलं, चहा घेणार का. आणि जाता जाता सहज म्हणून मागच्या वर्षीच्या एका प्रोजेक्टची गोष्ट सांगितली. कुठल्या? जो बुडाला त्याच्या. आता याहून जास्त 'नाही' कसं म्हणायचं रे माणसानं?" पियुष खो खो हसला. सुलेखाला मात्र हसता येईना. कारण जागा छान आहे म्हणणारा, मग डोंगराकडे नुसता बघत राहणारा, मग उकडलेला कंद पुढे करणारा आणि मग आपल्या आजोबांची गोष्ट सांगत बसणारा एक म्हातारा तिला सतरा वर्षांपूर्वी भेटला होता. त्याच्या घरी ती आठ महिने जेवली होती. आणि तो काय सांगतोय ते तिला आज, या क्षणी, पियुषला शहाणपण शिकवताना कळलं होतं.

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. पाक दारमो. पाक म्हणजे आपण नावापुढे काका लावतो ना, तसं. जावा बेटावरच्या डोंगरात कालिमेलाती नावाची चाळीस घरांची वाडी, आणि पाक दारमो त्या वाडीचे प्रमुख. सुलेखा तेवीस वर्षांची, समाजकार्याची पदवी ताजी ताजी हातात, आणि स्वयंसेवक म्हणून परदेशी जायला मिळतंय म्हटल्यावर घरच्यांशी भांडून गेलेली. ते आठ महिने म्हणजे तिच्या आयुष्यातली सगळ्यात गोड गोष्ट. असं ती म्हणायची, आणि खोटं नव्हतं ते. पहाटे माडावर चढून रस उतरवणारी माणसं, त्या रसाचा चुलाणावर शिजणारा गूळ, त्या वासानं भरून गेलेली आख्खी वाडी. साबुदाण्याच्या कंदाचे उकडलेले तुकडे, वर खोबरं. पेल्यावर झाकण ठेवून आणलेला चहा, आणि यजमान 'घ्या' म्हणेपर्यंत त्याला हात लावायचा नाही हा रिवाज. पहिल्या दिवशी तिनं लागलीच घोट घेतला आणि जीभ भाजली, तर सगळे न हसता आपापल्या पेल्यात बघत बसले. पाक दारमोंना 'बापाक', म्हणजे बाबा, म्हणणारी त्यांची नऊ वर्षांची मुलगी युली तर तिच्या पदराला चिकटलेली असायची, म्हणजे पदर नव्हता, कुर्त्याचं टोक. "म्बाक, म्बाक," म्हणजे ताई, ताई, करत दिवसभर मागे. हे सगळं सुलेखानं नवऱ्याला इतक्या वेळा ऐकवलं होतं, की जेवताना तिनं नुसतं "तिकडे ना" म्हटलं तरी हेमचंद्र ताटावर हात जोडायचा. "झालं, सुरू झालं कालिमेलाती-पुराण! ज्ञानदा, बस, आई कथा सांगतेय." आणि त्या पुराणाचा शेवट ठरलेला. जाताना तिनं त्या गावाला एक वाचनालय बांधून दिलं. निळ्या रंगाचं. मुलांसाठी. दर ईदला त्याच्यासमोर उभ्या राहिलेल्या मुलांचा फोटो येतो. "बघा, अजून चालू आहे," असं म्हणून ती तो फोटो आपल्या उरायासु उपनगरातल्या मराठी मंडळींना दाखवायची, अगदी गणपतीत सुद्धा.

जागा तिनंच निवडली होती. आता खुर्चीत बसल्या बसल्या ती जागा तिच्या डोळ्यांपुढे आली आणि ती जागा बघूच नये असं तिला वाटलं, पण ते काय आपल्या हातात असतं? शाळेच्या मागे, डोंगर जिथे खाली उतरतो तिथे एक छान सपाट तुकडा. वर बांबूचं भलंमोठं बेट. समोर सगळी दरी, भाताच्या पायऱ्या. कोणाचं शेत नाही, झाड नाही, रिकामी. रिकामी का आहे असा प्रश्न तिला पडला नाही. चाळीस घरांच्या वाडीत, जिथे माणसं हातभर जमिनीत मिरच्या लावतात, तिथे एवढी सपाट जमीन पिढ्यान् पिढ्या कोणी का सोडून दिली? तेवीस वर्षांच्या मुलीला वाटलं, आपलीच वाट बघत होती. पाक दारमो म्हणाले, जागा छान आहे, हवा येते. मग डोंगराकडे बघत उभे राहिले. दुसऱ्या दिवशी कंद खाताना म्हणाले, मशिदीजवळ पण थोडी जागा आहे, लहान आहे म्हणा. ती म्हणाली, "नको, तिथे अंधार आहे." ते म्हणाले, हो, अंधार आहे. मग चार दिवसांनी ओट्यावर बसून त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली, की ते बेट आजोबांनी लावलं, एका पावसाळ्यानंतर, वर चढून, एकट्यानं, आणि बायकोला सांगितलं की याला कोणी कोयता लावायचा नाही. सुलेखानं ती गोष्ट रात्री डायरीत लिहून काढली होती. खाली लिहिलं होतं, 'पाक दारमोंना गोष्टी सांगायला फार आवडतं. किती गोड म्हातारा!' आणि मग पुढच्या आठवड्यात पुस्तकांच्या मांडण्यांसाठी बांबू हवे म्हणून तिनं त्याच बेटातले साठ-सत्तर बांबू तोडायला लावले होते. 'नाही' कोणी म्हणालं नाही. माणसं कोयते घेऊन आली, तोडले, हसली. दरी अजून छान दिसायला लागली.

"अगं बाई," सुलेखा मोठ्यानं म्हणाली. शेजारची ओकादा-सान स्क्रीनवरून मान वर करून बघायला लागली, तेव्हा तिनं डोकं दुखतंय असं सांगितलं आणि चार वाजताच निघाली. निघेपर्यंत तिनं फोनवर हवामान पाहिलं होतं. जावाच्या त्या भागात गेले चार दिवस पाऊस, पुढचे सहा दिवस पाऊस. दोन वाजले होते तिकडे. शाळा सुटायची वेळ. शाळेच्या मागेच तर आहे वाचनालय, म्हणजे मुलं दप्तरं घेऊन सरळ तिथेच जात असणार, तिनं तशीच तर योजना केली होती, शाळेतून सुटली की पुस्तकांत! तिला ती फरशीवर पालथी पडलेली मुलं दिसली, तळपाय वर करून पुस्तकं बघणारी. वर ओली माती. ती धरून ठेवणारं बेट अर्धं तोडलेलं. सतरा पावसाळे. मुळं कुजली असतील, किती वर्षांत कुजतात मुळं? स्टेशनच्या जिन्यावर ती मध्येच थांबली. कठडा धरून उभी राहिली. मागची माणसं न बोलता तिला वळसा घालून पुढे गेली.

गाडीत फोनवर बोलायचं नाही. इतक्या वर्षांत हा नियम तिच्या इतका अंगवळणी पडला होता, की आज सगळ्या डब्यासमोर ओरडून विचारावंसं वाटत असताना सुद्धा ती आवाज बंद केलेला फोन हातात धरून गुमान उभी राहिली. तिनं युलीला मेसेज टाकला. 'युली, कशी आहेस? वाचनालय ठीक आहे ना?' पाठवला आणि लगेच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. ठीक आहे ना! पियुषला रोज बजावते, की असं विचारायचं नाही, 'चालेल ना' विचारलं की 'चालेल'च येणार. दोन मिनिटांत उत्तर आलं. 'छान आहे, म्बाक. तुम्ही सगळे कसे आहात?' आणि हसरा चेहरा. कालपर्यंत हे वाचून तिचा दिवस चांगला गेला असता. आज ती दोन ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिली आणि प्रत्येक वेळी भीती वाढत गेली. छान आहे म्हणजे काय? जागा छान आहे, तसंच का? गाव इतकं लहान की बातमीत नाव यायचं नाही, तिनं शोधून पाहिलं, काही नाही. मग ती ईदचे फोटो उघडून बघायला लागली, एकेक वर्ष मागे. सगळ्या फोटोंत नवे कपडे, तेल लावून विंचरलेले केस, निळी भिंत. एकाही फोटोत मूल आत नव्हतं. एकाही फोटोत दार उघडं नव्हतं. एका मुलाच्या हातात पुस्तक होतं, उलटं. आणि गेल्या तीन ईदचे फोटो इतक्या जवळून काढलेले, की नुसता निळा रंग दिसावा, छप्पर दिसू नये, डोंगर दिसू नये. हे सगळं तिनं मंडळींना दाखवलं होतं, फोन गोल फिरवला होता, आणि कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. दुसऱ्यांचं सोडा, तिच्याच लक्षात आलं नव्हतं.

टोकियोला गाडी बदलताना तो न संपणारा सरकता रस्ता असतो, त्यावर ती माणसांना 'सुमिमासेन, सुमिमासेन', माफ करा, माफ करा, करत चालत सुटली, घाई कसली तेही कळत नव्हतं. सतरा वर्षं ज्याला झाली त्याला पाच मिनिटांनी काय होणार? पण मनाला असं सांगून उपयोग नव्हता. ज्ञानदा नऊ वर्षांची आहे, हे तिला मध्येच आठवलं. म्हणजे आपली मुलगी नऊ वर्षांची आहे हे काय आठवावं लागतं का, पण तेव्हाची युली आणि आत्ताची ज्ञानदा एकाच मापाच्या, एवढुशा, हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं. ज्ञानदा शाळेतून आली की 'काय झालं ग' विचारलं तर 'बेत्सुनी' म्हणते, म्हणजे विशेष काही नाही, आणि सुलेखा लगेच तिच्या तोंडाकडे बघून ओळखते की आज कोणीतरी खेळायला घेतलं नाही. मग तेव्हा काय झालं होतं तिला? डोळे नव्हते? डोळे होते, पण ती द्यायला गेली होती. देणाऱ्याला समोरच्याचं तोंड बघायचं सुचत नाही. तिला स्वतःचा संताप आला. खिडकीतून कारखाने, खाडी, पुन्हा कारखाने, आणि उन्हात चमकणारं पाणी. हेमचंद्रचा मेसेज आला, 'लवकर निघालीस? बरं नाही का?' तिनं उत्तर दिलं नाही. काय लिहिणार? माझ्या हातून बहुतेक मुलं मेली आहेत, असं लिहिणार? ते वाक्य मनात पूर्ण उमटलं तेव्हा तिनं वरची कडी दोन्ही हातांनी पकडली.

शिन-उरायासुला उतरून ती घरी गेली नाही. स्टेशनसमोरच्या झाडाखालच्या बाकावर बसली. शेजारच्या बाकावर एक आजोबा कोपऱ्यावरच्या कोनबिनी दुकानातला भात खात होते. पावणेसहा वाजत आले होते, म्हणजे तिकडे पावणेचार. फोन लावायला अंगठा पुढे गेला आणि थांबला. न लावता घरी जाता येईल. पोळ्या करता येतील. ईद येईल, फोटो येईल, निळी भिंत येईल. कोणी तिला कधीच काही सांगणार नाही, याची आता तिला खात्री होती, आणि तीच तर सगळ्यात भयंकर गोष्ट होती. ती मरेपर्यंत सगळे तिच्याकडे बघून हसत राहतील. तिनं फोन लावला. व्हिडिओ. युलीचा चेहरा आला, सव्वीस वर्षांची बाई, डोक्यावर रुमाल, गाल तेच. मागे पावसाचा आवाज.

"म्बाक! किती दिवसांनी! बरं आहे ना सगळं?"

"बरं आहे. युली, वाचनालय कसं आहे?"

"छान आहे, म्बाक." एक क्षण ती बाजूला बघत राहिली. मग म्हणाली, "तुम्ही जेवलात?"

आला कंद, सुलेखाच्या मनात आलं. अजून विचारलं असतं तर अजून गोड उत्तर आलं असतं. नक्की ना, नक्की. मुलं जातात ना, जातात. विचारण्याची वाटच बंद होती. ऑफिसात ती पोरांना एक गोष्ट शिकवते, की समोरच्याला नाही म्हणायला लावू नका, आधी आपली चूक आपण ओता टेबलावर, आणि मग तोंड मिटून बसा. पोरांना पहिलं जमतं. दुसरं जमत नाही.

"युली," ती म्हणाली, "तुझ्या बापाकांनी मला सांगितलं होतं, तिथे बांधू नको म्हणून. जागा दाखवली त्या दिवशी सांगितलं, नंतर मशिदीजवळची जागा सुचवली, मग आजोबांची गोष्ट सांगितली. मला कळलं नाही. आज कळलं, आज दुपारी. बांबू मी तोडायला लावले. चूक माझी आहे, बाकी कोणाची नाही." आणि ती गप्प बसली.

युली हसतच होती, पण ते हसू तोंडावर ठेवायला आता तिला त्रास होत होता, हे सुलेखाला दिसत होतं आणि तरी बोलायचं नव्हतं. 'असू दे गं, जाऊ दे' असं म्हणायला जीभ वळवळत होती. तिनं ती दातांखाली धरली. शेवटी ते हसू गेलं. त्याखालचा चेहरा सुलेखानं आठ महिन्यांत एकदाही पाहिलेला नव्हता.

"वाचनालय नाही, म्बाक," युली म्हणाली. "तीन वर्षं होत आली. जानेवारीत दरड आली. सगळं घेऊन गेली."

"आत कोण होतं?"

"कोणी नाही."

"युली, माझ्यासाठी खोटं बोलू नकोस. हात जोडते."

"खरंच कोणी नाही. कधीच कोणी नसायचं. तुम्ही गेलात त्याच महिन्यात बापाकांनी पुस्तकं घरी आणली, आमच्या ओट्यावर. मी तिथेच वाचायला शिकले. खोलीला कुलूप. पण मुलं ऐकतात का? फरशी गुळगुळीत होती ना पायरीवरची, घसरायला मजा यायची, तिकडेच पळायची. म्हणून पावसाळ्यात बापाक वाटेवर बसायचे. स्टूल आणि छत्री घेऊन. शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत. मुलं आली की हाकलायचे."

"किती वर्षं?"

"बारा पावसाळे. नंतर त्यांचे गुडघे गेले. मग मी बसायला लागले."

पाक दारमो मागच्या वर्षी गेले तेव्हा सुलेखानं एक लांब, सुंदर मेसेज लिहिला होता, त्यांच्या प्रेमळ स्वभावाबद्दल. तिला तो आता शब्दन् शब्द आठवला आणि लाज वाटली. "मला का नाही कळवलंत?" तिनं विचारलं, आणि विचारताना आवाज इतका बारीक झाला की शेजारच्या आजोबांनी भाताचा डबा खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं.

"बापाक म्हणायचे, पोर इतक्या लांबून आली होती, तिचं मन कशाला मोडायचं. आणि तुम्ही फोटो मागायचात. किती खूश व्हायचात तुम्ही." युली थांबली. "दरड आली तेव्हा आम्हाला वाटलं, आता ईदला काय करायचं. मग शाळेची मागची भिंत निळी रंगवली."

"दरड आली तेव्हा तू कुठे होतीस?"

युलीनं डोक्यावरचा रुमाल सारखा केला. सुलेखाला विचारण्याआधीच माहीत झालं होतं. तरी तिनं पुन्हा विचारलं.

"वाटेवर," युली म्हणाली. "स्टुलावर. वीस पावलं असतील. बाळ होतं मांडीवर, चार महिन्यांचं, घरी ठेवायला कोणी नव्हतं. आवाज आला तेव्हा मला वाटलं ट्रक आला. वर बघितलं तर बेट उभ्याच्या उभं खाली येत होतं. पायाला चिखल लागला, म्बाक. इथपर्यंत." तिनं हात खाली नेला; पोटरी असावी, स्क्रीनमध्ये दिसलं नाही.

दुपारपासून सुलेखा ज्या मुलांसाठी जीव मुठीत धरून धावत होती त्या मुलांना काही झालं नव्हतं, कधी होणारच नव्हतं, कारण तिची चूक सांभाळत चौदा वर्षं कोणीतरी पावसात बसलेलं होतं. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. वीस पावलं, एवढंच डोक्यात घुमत राहिलं. वीस पावलं आणि मांडीवर बाळ. जे सगळ्यात आधी तोंडात आलं तेच ती बोलली.

"घाबरली असशील गं तू."

युलीनं नेहमीसारखं नाही नाही म्हणायला मान हलवली. मग मान थांबली.

"घाबरले," ती म्हणाली. "अजून घाबरते. पाऊस लागला की झोप येत नाही." तिनं मागे वळून पाहिलं, कोणी ऐकतंय का ते, आणि फोन तोंडाशी आणला. "आणि तुमचा राग आला, म्बाक. फार राग आला. बाळाला पाजताना मी तुम्हाला शिव्या द्यायचे. महिनाभर द्यायचे." आणि एवढं बोलून तिनं घाईघाईनं तोंडावर हात ठेवला.

आठ महिने आणि वर सतरा वर्षं, एवढ्या काळात त्या गावातल्या माणसानं सुलेखाला हे असं मनातलं खरं पहिल्यांदा दिलं होतं. हेमचंद्रचा फोन मध्ये वाजायला लागला, तिनं तो तोडला, दोन्ही पाय बाकावर घेऊन मांडी घातली आणि फोन गुडघ्याला टेकवून ठेवला.

"हात काढ तोंडावरचा," ती म्हणाली. "कोणत्या शिव्या द्यायचीस? सांग. सगळ्या सांग."